बॉलच्या खळग्यांतली माती आधी काढ

बाप्पा, वावरात गोल्फ खेळायचं म्हणतोस, तर पूर्ण सेटसाठी कापसाचे पैसे मोडू नको. १४ क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, ही मर्यादा आहे, सक्ती नाही. बॉल उडवायला जुनी सात नंबरची आयर्न (धातूच्या पात्याची काठी) अन् तो भोकात ढकलायला एक पटर पुरे. पूर्वीचे हिकरी लाकडाचे दांडे फटक्यात पिळायचे. तू स्टीलचाच बघ.

बॉलला मात्र जप. १८४८ च्या सुमारास गट्टापर्चाचे, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचे, गुळगुळीत बॉल आले. नवे नीट उडत नसत, ओरखडे पडले की लांब जात! त्यातूनच पुढे बॉलवरचे हे खळगे आले. आपली काळी माती नेमके तेच बुजवते, म्हणून प्रत्येक फटक्याआधी ओल्या फडक्यानं बॉल पूस.

पऱ्हाटी उपटल्यावरच वावरात उतर. उन्हाळ्यात भेगा पडल्या की त्यात गेलेला बॉल हाती लागत नाही.