सहा महिने क्रीम लावतेय, तरी गालावरचे काळे डाग जात नाहीत आणि आता मानही काळी पडतेय. काय करू?

तीन वेगवेगळी क्रीम्स संपवली, तिन्ही मैत्रिणींनी सुचवलेली, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण सात वर्षं वांग (चेहऱ्यावरचे तपकिरी डाग) घेऊन फिरतेय, ठेच लागून जे कळलं तेवढं सांगते.

पहिली गोष्ट, गाल आणि मान एकाच क्रीमने सुधारतील ही आशा सोडा, ती बहुतेक दोन वेगळी प्रकरणं आहेत. गालावर दोन्ही बाजूंना साधारण सारखेच, नकाशासारख्या वेड्यावाकड्या कडांचे तपकिरी डाग असतील, कदाचित कपाळावर नि वरच्या ओठावरही, हाताला काहीच लागत नसेल, खाजही नसेल, तर ते बहुतेक वांग, डॉक्टर मेलाझ्मा म्हणतात. रंग बनवणाऱ्या पेशी तिथे जास्तच कामाला लागलेल्या असतात आणि त्यांना कामाला लावतात ऊन, हार्मोन्स (गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या) आणि आईकडून-वडिलांकडून आलेली देणगी. पिंपल फोडल्यावर उरतो तो डाग वेगळा, तो जिथे जखम तिथेच असतो आणि हळूहळू आपला आपण फिका होतो.

मानेचं मात्र बोट फिरवून बघा. कातडी जाडसर, मखमलीसारखी, बारीक घड्यांची लागतेय का? काखेतही तसंच आहे का? असेल तर तो मळ नाहीये, कितीही घासलंत तरी जाणार नाही, उलट घासून अजून काळं होईल. बऱ्याचदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते, म्हणून तिथे क्रीमच्या आधी रक्तातली साखर तपासायची, पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं. वजन जास्त असेल आणि ते कमी झालं की मान उजळलेली मी घरातच बघितलीय.

आता माझा मूर्खपणा. मलाही कोणीतरी एक क्रीम दिलं होतं, आठ दिवसांत चेहरा असा उजळला की मी स्वतःच चार जणींना सांगत सुटले. चार महिन्यांनी बंद केलं तर तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, नुसतं पाणी लागलं तरी आग, हनुवटीवर बारीक लव. त्यात स्टेरॉइड होतं. हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध), ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वापासूनचं औषध) आणि स्टेरॉइड हे त्रिकूट खोटं नाहीये हं, 1975 साली क्लिगमन आणि विलिस या त्वचातज्ज्ञांनी ते मांडलं आणि त्याची सौम्य रूपं आजही डॉक्टर देतात, पण मोजून काही आठवडे आणि लक्ष ठेवून. नुसतं हायड्रोक्विनोनसुद्धा वर्षानुवर्षं चोपडलं तर कातडीवर निळसर-काळी झाक येऊ शकते, जी घालवणं वांगापेक्षा अवघड.

मला खरा फरक पडला तो सनस्क्रीनने, आणि तेही उशिराच. माझा डावा गाल कायम जास्त काळा असायचा आणि मी विचार करायचे, मी तर घरातच असते. मग त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, काम करताना खिडकी कुठल्या बाजूला असते? डावीकडे! काचेतून उन्हातले युव्हीए किरण बऱ्यापैकी आत येतात, शिवाय नुसता दिसणारा उजेडसुद्धा आपल्यासारख्या सावळ्या कातडीत वांग वाढवतो आणि साधं सनस्क्रीन त्या उजेडाला फारसं अडवत नाही, त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत, टिंटेड म्हणतात ते घ्यायचं. एसपीएफ 30 च्या वर, चेहरा-मानेला दोन बोटं भरून, उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. मी आधी वाटाण्याएवढं लावायचे, म्हणजे न लावल्यासारखंच.

औषधांमध्ये मला अझेलेइक अॅसिड मानवलं, सुरुवातीला चुणचुणतं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर आधी सांगा, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन तेव्हा नको, अझेलेइक सहसा चालतं. ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्याही देतात, पण रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर त्या नाहीत, म्हणून स्वतःहून घ्यायच्या नाहीत. लेझरच्या मागे लगेच धावू नका, वांग त्याने भडकू शकतं. लिंबूबिंबू तर अजिबात नको, लिंबू लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे नवे डाग पडतात.

काहीही लावा, दोन-तीन महिने द्या, रोज आरशात फरक दिसत नसतो. मी महिन्यातून एकदा त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला फोटो काढते. माझं ओठावरचं गेलं, डाव्या गालावरचं नाण्याएवढं अजून आहे आणि उन्हाळ्यात गडद होतं.

एखादा डाग एकटाच वाढतोय, कडा बदलतायत, रक्त येतंय, किंवा तळहाताच्या रेषा आणि हिरड्या काळ्या पडून खूप थकवा येतोय, तर यातलं काही करत बसू नका, लगेच दाखवा.

आणि त्या तिन्ही ट्यूब फेकू नका. मागे बारीक अक्षरात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं स्टेरॉइडचं नाव लिहिलंय का बघा, असेल तर एकदम बंदही करू नका, ट्यूब घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कसं कमी करत आणायचं ते सांगतील.