क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं ‘झॉम्बी’ हे गाणं आवडतं. ‘नो नीड टू आर्ग्यू’ हा अख्खा अल्बम ऐकण्यासारखा आहे का?
आहे, पण अख्खा अल्बम ‘झॉम्बी’सारखा असेल असं समजू नका. १९९३ साली इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेच्या बॉम्बस्फोटात दोन मुलं गेली, त्या संतापातून ते गाणं आलं. म्हणून गिटार एवढी खरखरीत. बाकी १९९४चा हा अल्बम बराच हळुवार आहे. खरी मजा बँडची गायिका डोलोरेस ओ’रिऑर्डनच्या आवाजात! शब्द म्हणता म्हणता मध्येच आवाज चिरकल्यासारखा होऊन सूर वर उडी घेतो, आणि लिमरिककडचा आयरिश हेल ती अजिबात लपवत नाही. सुरुवात ‘ओड टू माय फॅमिली’पासून करा. शेवटच्या शीर्षकगीतात तर फक्त ऑर्गन आणि ती. ते रात्री हेडफोन लावूनच ऐका, बसमध्ये निम्मं हरवतं.