विभागीय सार्वजनिक ग्रंथालयात कथा-कादंबऱ्यांशिवाय आणखी काय मिळतं?

बरंच काही, पण त्यातलं खरं घबाड घरी नेता येत नाही. देवघेव विभागात चरित्रं, बालसाहित्य, मासिकं असतातच. मोठ्या टायपातली, ब्रेल आणि बोलकी पुस्तकंही काही ठिकाणी असतात. विचारल्याशिवाय मात्र कळत नाही. कोश, नकाशे, गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ) संदर्भ विभागात, तिथेच बसून वाचायचे.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा असतो तो स्थानिक इतिहासाचा संग्रह. जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली, नगरपालिकेचे अहवाल, फोटो, संस्थांच्या स्मरणिका. स्मरणिकेतली जाहिरातींची पानं तर मुळीच सोडू नका. कुठल्या रस्त्यावर कुठलं दुकान होतं ते तिथेच सापडतं. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निन या लाकडाच्या घटकामुळे पिवळा पडतो, आम्लामुळे घडीवर तुटतो. म्हणून मूळ अंकाऐवजी मायक्रोफिल्म (पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म) किंवा स्कॅन हातात पडलं तर कुरकुर करू नका.

मांडणी ड्यूई दशांश पद्धतीची (विषयवार आकडे देऊन पुस्तकं लावायची पद्धत, १८७६ ची, अजून चालू आहे) असेल तर विश्वकोश ०३० ला, साहित्य ८०० पासून, इतिहास-भूगोल ९०० पासून. स्थानिक संग्रह बहुधा वेगळ्या कपाटात असतो आणि संगणकावरच्या यादीत पुष्कळदा सापडतच नाही. तेव्हा ग्रंथपालांना गाठा, विषय आणि अंदाजे साल सांगा.