रेलला ड्रिल लावायच्या आधी

भाऊ, प्रेशर पडतं म्हणून फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) भोक पाडून आटे करायचं म्हणतोस ना, तर आधी प्रेशर गेज लाव. ५.३ व्होर्टेकवर (जीएमचं ५.३ लिटरचं व्ही८ इंजिन) स्टॉक, म्हणजे कंपनीचं मूळ, प्रेशर साधारण ५८ पीएसआय, फुल थ्रॉटलला ते पडत असेल तर बहुतेकदा पंप कमजोर नाहीतर फिल्टर चोक, रेल बिचारी उगाच बदनाम.

तरी करायचंच आहे ना, मग:

- प्रेशर सोड, रेल काढूनच काम कर.
- आटे लेथवाल्याकडूनच पाडून घे, हँड ड्रिलनं भोक तिरकं जाते.
- आतला चुरा! नवीन पोरं इथंच मार खातात. एक कण इंजेक्टरमध्ये अडकला की तो सिलेंडर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते अन् पिस्टन जातो, म्हणून ब्रश मार, धू, हवा मार, परत धू.
- ओ-रिंग (इंजेक्टरच्या रबरी सील) नव्याच, थोडं ऑइल लावून.

इंजिन सुरू न करता नुसती चावी ऑन करून लीक बघ, अन् नागपूरच्या मे महिन्यात बंद शेडमध्ये तर हे काम बिलकुल नको, पेट्रोलची वाफ लय वाईट.