डायलिसिस लांबवावं की लगेच सुरू करावं?

"ताई, एकदा डायलिसिस लागलं की कायमचं मागे लागतं ना? मग जमेल तितकं लांबवू या." किडनीच्या रुग्णांचं समुपदेशन करताना हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते.

फलटणकडचे एक काका एसटीतून निवृत्त झालेले, वय 58, जुना मधुमेह. क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) 7.2, जीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा आकडा, किडनी बिघडली की तो घटतो) 8. डॉक्टरांनी हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शीर तयार करायचं छोटं ऑपरेशन, करून घ्यायला सांगितलं होतं आणि काका अजिबात तयार नव्हते. मुलीचं नेमकं उलट: "क्रिएटिनिन सातच्या वर गेलंय, बाबांचं आजच सुरू करा." काकू बिचाऱ्या दोघांच्या मध्ये रडवेल्या झालेल्या.

मुलीला मी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 828 रुग्णांपैकी काहींचं डायलिसिस जीएफआर 10 ते 14 असतानाच सुरू करायचं, बाकीच्यांनी तो 5 ते 7 होईपर्यंत थांबायचं असं ठरलं. लवकर सुरू केलेले जास्त जगले असं दिसलं नाही. मात्र थांबलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना त्रास वाढल्यामुळे जीएफआर 7 वर उतरण्याआधीच सुरू करावं लागलं. म्हणजे नुसत्या आकड्याला घाबरायचं नाही, पण शरीर काय सांगतंय तिकडे डोळेझाकही करायची नाही.

मग काकांनाच विचारलं. जेवण जातं का? सकाळी मळमळतं? आडवं झाल्यावर धाप लागते? अंगाला खाज, पायाला सूज? "भाकरी गोड लागत नाही, बाकी काही नाही," म्हणाले. पोटॅशियम आटोक्यात होतं, लघवीही बरी होत होती. डॉक्टर म्हणाले, थांबू या, पण दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायचं. गुडघ्यासाठी काका मनाने वेदनाशामक गोळ्या घेत होते, त्या त्याच दिवशी बंद केल्या. या गोळ्या किती घरांत चण्याफुटाण्यासारख्या खाल्ल्या जातात, याची मला फार काळजी वाटते.

फिस्टुलावर मात्र मी अडून बसले. फिस्टुला केला म्हणजे डायलिसिस सुरू झालं नाही. हातातली शीर धमनीला जोडतात; ती फुगून सुया टोचण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तयारी नसताना माणूस धापा टाकत इमर्जन्सीत आला, तर मानेतून नळी घालावी लागते आणि तिथे जंतुसंसर्गाचा धोका बराच जास्त. काकांना हे पटलं. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, हे काकूंनी पाठच केलं. खर्चाची धास्ती होती, म्हणून शिधापत्रिका घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर पाठवलं. घरी पोटातून करता येणाऱ्या डायलिसिसचीही माहिती दिली. काकांना ते नको होतं.

चारेक महिन्यांनी पायाला सूज आली, उशाला दोन उश्या लागायला लागल्या, जेवण सुटलं. तोवर फिस्टुला तयार होता. मानेत नळी न घालता डायलिसिस सुरू झालं. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. आता मुलगी स्वतःची किडनी द्यायचं म्हणतेय, काका नाही म्हणतायत. तिच्या तपासण्या होण्याआधी दोघांशी वेगवेगळं बोलायचं ठरवलंय.