भर पावसात निभेल तेवढंच ठरव

बाळा, अनेक आशीर्वाद.

तुझ्या यादीचा फोटो मिळाला, झूम करकरून सगळी वाचली. शरीर, मन, अध्यात्म असे तीन रकाने आणि प्रत्येकाखाली पाच-सहा गोष्टी, पहाटे ५ ला उठणे, रोज ५ किलोमीटर पळणे, साखर बंद, टेन्शन न घेणे, मोबाईल कमी, रोज एक तास ध्यान. तू स्वतःच्या तब्येतीचा असा बसून विचार केलास याचा मला खरंच आनंद झाला, दुखणं आल्याशिवाय कोण बघतंय गो इकडे. पण मी इतकी वर्षं उपकेंद्रात नर्स म्हणून काढली, घराघरात फिरले, लोकांचे संकल्प बघितले आणि ते कुठे अडकतात तेही बघितलं, म्हणून जे वाटतं ते सरळ लिहिते.

ही यादी तू कुठल्या दिवसासाठी लिहिलीस? मला वाचताना जानेवारीतली सकाळ दिसली, गार हवा, कोरडा रस्ता, घरात पाहुणे नाहीत, ऑफिसचं काम वेळेत संपलेलं. आपल्याकडे असे दिवस वर्षात थोडेच. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि त्यातच गणपती, घर चाकरमान्यांनी भरलेलं. म्हणून ध्येय ठरवताना जुलैतली संध्याकाळ डोळ्यासमोर आण, लाईट गेलेली, रेंज नाही, कपडे वाळत नाहीत, क्लायंटचा फोन येऊन राहिलाय आणि आईचे गुडघे धरलेत. त्या दिवशी तुझ्याने जे होईल तेवढंच ध्येय म्हणून लिही, बाकीचं चांगल्या दिवसात जमलं तर आनंदच आहे.

आपले कोळी बघ. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, पण त्या दोन महिन्यांत जाळी शिवतात, इंजिनं दुरुस्त करतात, आणि समुद्रात गेलो नाही म्हणून कोणी स्वतःला आळशी म्हणत नाही. तुझ्या यादीलाही असे ऋतू दे, पावसाळ्याची वेगळी, थंडीची वेगळी.

आता सगळ्यात आधी एक काम, यादीच्याही आधी. हिमोग्लोबिन तपासून घे. तू लिहिलंयस की दुपारनंतर काही करावंसं वाटत नाही, जिना चढलं की धाप लागते, 'मी फार आळशी झालेय'. अगं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं की रक्त कमी धरतात, आणि रक्त कमी असताना ५ किलोमीटर पळायचं ठरवायचं आणि नाही जमलं की स्वतःला बोल लावायचा हे किती पोरींच्या बाबतीत बघितलंय मी. कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या देतील त्या नियमाने घे, जेवणावर लिंबू पिळ, आणि जेवल्या जेवल्या चहा नको, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. हे तुझ्या पहिल्या रकान्यातलं पहिलं ध्येय, आणि याला मनाची तयारी वगैरे काही लागत नाही, फक्त एक सकाळ लागते.

पहाटे ५ चं उठणं मात्र खोडून टाक. तुझी शिफ्ट रात्री दीडला संपते, मग ५ ला उठून झोप होणार किती? मोठ्या माणसाला रोज सात तास तरी झोप लागते. कोणीतरी यूट्यूबवर सांगितलं की यशस्वी माणसं पहाटे उठतात, तर त्यांना म्हणावं आधी रात्री दीडपर्यंत मीटिंग करा. तू दोनला झोप, नऊला ऊठ, पण रोज तीच वेळ ठेव, आणि घरातल्यांना हे नीट बसवून सांग कारण गावात नऊला उठणारी पोरगी म्हणजे लोकांना बोलायला विषय.

चालण्याचं बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, म्हणजे धाप लागत नाही पण गाणं म्हणता येत नाही अशा चालीने चालणं, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद लागेल असं काहीतरी. हे एकदम करायची गरज नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडेही मोजतात. तू किनाऱ्यावर रोज एकाच वेळी जाणार लिहिलंयस, ते जमणार नाही आणि त्यात तुझा दोष नसेल. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आपल्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची अंदाजे वेळ काढतात ना, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, म्हणजे अष्टमीच्या आसपास सकाळी सहा-सातला गेलीस तर पाणी वरपर्यंत आलेलं, चालायला मिळते ती मऊ वाळू, पाय भरून येतात. म्हणून ओहोटी असेल त्या दिवशी किनारा, नाहीतर रस्ता, आणि धो धो पाऊस असेल तेव्हा पडवीत सूर्यनमस्कार. दोन दिवस ताकदीचे म्हणजे उकिडवं बसून उठणं, जमेल तितक्या वेळा, आणि विहिरीवरून दोन कळश्या आणणं, पंप आहे तरी. रस्त्यावर 'कुठे चाललीस गो सकाळी सकाळी' विचारणारे असतातच, आईला किंवा शेजारच्या वहिनीला बरोबर घे, त्यांचंही भलं होईल आणि प्रश्नही थांबतील.

खाण्यावर फार लिहीत नाही. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, मासे, पेज, आपल्या घरात सगळं चांगलंच शिजतं. फक्त मीठ बघ, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, आणि आपल्याकडे सुकट, लोणचं, पापड, सांडगे सगळ्यात मीठच मीठ. साखर पूर्ण बंद करू नकोस, कामाच्या टेबलावरची बिस्किटं आणि कोल्ड्रिंक बंद कर, गणपतीतला मोदक खा आणि मनापासून खा.

मनाच्या रकान्यात तू 'टेन्शन न घेणे' लिहिलंयस. हे करायचं कसं ते सांग बरं? ध्येय म्हणजे हातापायांनी करता येईल असं काहीतरी हवं, रात्री बघून 'केलं' किंवा 'नाही केलं' एवढं सांगता यायला हवं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये याच्यावर लिहिलंय, की नुसतं 'करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' असं ठरवलं तर माणसाच्या हातून ते जास्त होतं. तर तू लिही, शेवटची मीटिंग संपली की मोबाईल ओटीवर चार्जिंगला लावीन, खोलीत नेणार नाही. रविवारी भाकऱ्या झाल्या की मैत्रिणीला फोन करीन. बास, दोन पुरेत. आणि २१ दिवसांत सवय लागते हे ऐकलंयस तेही डोक्यातून काढ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फरक पडला नाही. एक दिवस गेला की 'आता सोमवारपासून' करतेस ना, ते करू नकोस, दुसऱ्या दिवशीच पुढे चालू.

एक गोष्ट जरा गंभीरपणे. दोन आठवडे सलग मन खाली राहिलं, झोप उडाली, कशातच रस वाटेना, किंवा जीव नकोसा वाटला तर त्याला ध्येयं आणि वह्या पुरत नाहीत. तेव्हा मला फोन कर, आणि १४४१६ वर कर, टेली मानस, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतं, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव आपल्याकडे अजून चेष्टेत घेतात, मला त्याचा फार त्रास होतो. तिथे ओपीडी आहे, तिथे जाणं हे ताप आला म्हणून दवाखान्यात जाण्यासारखंच धर, कोण हसतंय तर हसू दे.

आता तिसरा रकाना, मला सगळ्यात जास्त याच्यावर बोलायचंय. एक तास ध्यान लिहिलंयस, आणि ॲपमध्ये किती दिवस सलग झाले ते मोजणार आहेस. नको मोजू गो. रत्नागिरीजवळच्या पावस गावी जाऊन ये एकदा, गर्दी नसलेल्या दिवशी. स्वामी स्वरूपानंद (१९०३-१९७४) आयुष्याची शेवटची चाळीसेक वर्षं त्या गावातच राहिले, सोहं साधना करत, श्वास आत घेताना सो, सोडताना हं. तिथे पाच मिनिटं डोळे मिटून बस आणि घरी आल्यावर तेवढंच कर, दिवेलागणीला देवापुढे पाच मिनिटं, लाईट नसली तर समई आहेच. देवाचं तुला फारसं पटत नाही हे मला माहितीये, तरी बस, श्वास तर तुझाच आहे.

आणि देवळातलं एकादशीचं भजन सोडू नकोस. लहानपणी झांजा वाजवायचीस, आता म्हणतेस वेळ नाही. अगं, दोन तास मोठ्याने गाणं म्हणजे छातीचा व्यायाम, माणसांत बसणं म्हणजे मनाचं औषध, आणि नाम तर घेतोच आपण, एका संध्याकाळी तिन्ही रकाने भरले. शिमग्यात पालखी नाचवणारे बघ, घामाने भिजतात, रडतात, हसतात, त्यांना विचार हे शरीराचं की अध्यात्माचं, त्यांना प्रश्नच कळणार नाही. नवं काही शोधण्याआधी गावात जे चालू आहे त्यात परत जाऊन बसणं मला जास्त मोलाचं वाटतं.

सगळं एकदम सुरू करू नकोस हेही सांगते. टिळक इथलेच, १८५६ साली रत्नागिरीत जन्मले, कॉलेजात गेले तेव्हा प्रकृतीने अगदी किरकोळ, तर पहिलं वर्ष त्यांनी व्यायामालाच दिलं, अभ्यास मागे पडला तरी. तू नोकरी करतेस, तुला वर्षभर एकच गोष्ट करता येणार नाही, पण नारळी पौर्णिमेपर्यंत तीनच धर. झोपेची वेळ, चालणं किंवा पडवीतले सूर्यनमस्कार, आणि दिवेलागणीची पाच मिनिटं. मोबाईलचं आणि मैत्रिणीच्या फोनचं पौर्णिमेनंतर घे. गणपतीत काही जमणार नाही, ते आत्ताच मान्य करून ठेव आणि आरतीला मोठ्याने गा.

यादी नवीन लिहून पाठव, तीन ओळींची. आणि सोमवारी आरोग्य केंद्रात जाऊन रक्त दे, तिथल्या सिस्टरना माझं नाव सांग, रिपोर्ट आला की फोटो टाक, मी बघते.

तुझी,
मावशी