मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर व्ह्यूफाइंडरमधून धूसर दिसते. कॅमेरा बदलावा का?

आपण लिहिले आहे की, ६६व्या वर्षी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले, लांबचे विनाचष्मा लख्ख दिसते, तरीही डीएसएलआर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की सगळे धूसर होते आणि चष्मा चढवला तर चौकटीचे कोपरे कापले जातात. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला आणि व्ह्यूफाइंडरमध्ये छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावर चित्र दाखवणारा कॅमेरा घ्यावा का, आणि लवकरच होणाऱ्या डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना काही सांगावे का, असे आपले दोन प्रश्न आहेत. मी नेत्रतज्ज्ञ नाही. कोल्हापुरात चित्रकलेचा शिक्षक होतो, त्याच्या जोडीने पस्तीसेक वर्षे छायाचित्रे काढली आणि गेल्या तीन वर्षांत माझ्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसली. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की कॅमेरा तूर्त बदलू नका. व्ह्यूफाइंडरच्या ज्या काचेला आपण डोळा लावतो त्या आयपीसच्या शेजारी डायऑप्टरचे, म्हणजे डोळ्याच्या नंबराशी चित्र जुळवण्याचे, लहानसे चाक असते, ते आधी फिरवून पाहा.

माझी फजिती सांगतो, म्हणजे कारण लक्षात येईल. उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांची परवानगी मिळताच मी एका सकाळी रंकाळ्यावर गेलो. पलीकडच्या काठावरची झाडे नुसत्या डोळ्यांनी पानापानांसह दिसत होती; कॅमेरा डोळ्याला लावला, तर सगळे दुधी काचेआडून पाहावे तसे. व्ह्यूफाइंडरला बुरशी आली असे समजून मी कॅमेरा एका दुकानात दिला, त्यांनी तो पुसून पैसे घेतले, आणि फरक काहीच पडला नाही. शेवटी पुतण्याला दाखवला. त्याने डोळा लावला आणि म्हणाला, ‘‘काका, मला तर एकदम कडक दिसतंय की!’’ त्यामुळे दोष माझ्या डोळ्यातच असावा आणि शस्त्रक्रियाच बिघडली असावी, या धास्तीने मी दोन रात्री नीट झोपलो नाही.

वस्तुतः दोष कॅमेऱ्यात नव्हता आणि डोळ्यातही नव्हता. मोतीबिंदू पिकत असताना डोळ्याचे नैसर्गिक भिंग दाट होत जाते आणि पुष्कळांचा उणे नंबर वाढतो. माझा तसा वाढला होता आणि त्या काळात मी नकळत ते चाक उणे बाजूला, जवळजवळ टोकापर्यंत नेऊन ठेवले होते. शस्त्रक्रियेने नंबर गेला, चाक मात्र जुन्याच जागी राहिले. तरुण डोळा अशी चूक स्वतःच भरून काढतो, कारण त्याचे भिंग लवचिक असते आणि दोन-तीन डायऑप्टरचा (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) फरक ते सहज पचवते. म्हणूनच पुतण्याला सारे कडक दिसले. आपल्या डोळ्यात आता जे साधे, एकाच अंतराचे भिंग असते त्याला ही लवचिकता नाही. ते एका ठरावीक अंतरावर बसवलेले असते आणि तिथेच राहते. तेव्हा आपला कॅमेरा दुसऱ्या कोणाकडून, विशेषतः तरुण माणसाकडून, तपासून घेण्यात काही अर्थ नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे. व्ह्यूफाइंडरमधले चित्र डोळ्यापासून दोन सेंटीमीटरवर असते, म्हणून ते पाहायला जवळचा चष्मा लागेल, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नसते. आयपीसमधील भिंगे ते चित्र लांब असल्यासारखे भासवतात. बहुतेक कॅमेऱ्यांत मूळची मांडणी उणे १ डायऑप्टरची असते, म्हणजे चित्र सुमारे एक मीटरवर असल्यासारखे वाटते. लांबच्या दृष्टीसाठी भिंग बसवलेल्या डोळ्याला तेवढे एक मीटरही थोडे धूसर दिसते, म्हणून चाक अधिक बाजूला न्यावे लागते. माझ्या निकॉन डी७२००वर ही सोय उणे २ ते अधिक १ इतकी आहे आणि लांबच्या डोळ्याला ती पुरते. त्याहून जास्त फरक असेल, तर आयपीसवर चढवायची पूरक भिंगे मिळतात. पण आपल्याला लांबचे लख्ख दिसते असे आपण म्हणता, त्यावरून ती वेळ येईलसे वाटत नाही.

चाक फिरवण्याची रीत मात्र नीट पाळावी. समोरचे दृश्य पाहून ते लावू नका, कारण दृश्य धूसर असण्यात लेन्सच्या फोकसचाही वाटा असू शकतो. लेन्स मुद्दाम फोकसबाहेर करा, कॅमेरा फिक्या भिंतीकडे रोखा आणि चौकटीतले फोकसचे चौकोन व खालच्या पट्टीवरचे आकडे एवढेच पाहा. चाक अधिक बाजूच्या टोकाला नेऊन सावकाश परत आणा, आकडे ज्या क्षणी अगदी रेखीव होतील तिथे थांबा, थोडे पुढे जाऊन पुन्हा मागे या. भर उन्हात हे करू नये. उजेडात बाहुली बारीक होते, बारीक बाहुलीतून चुकीच्या जागीही चालण्याजोगे दिसते आणि संध्याकाळी तेच चाक फसवते. मी खोलीत, दिवे लावण्याच्या वेळी लावतो. शिवाय तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील त्या दिवशी चाकाला हात लावू नये. जागा सापडली की चाकावर आणि कॅमेऱ्यावर समोरासमोर एकेक बारीक ठिपका द्यावा, कारण पिशवीत घासून चाक सरकते. ठिपक्यासाठी मी पत्नीचे नेलपॉलिश वापरले. त्या बाटलीचा हिशेब अजून पुरा झालेला नाही.

एवढे करूनही आकडे कुठेच पूर्ण स्पष्ट होत नसतील, तर बहुधा सिलिंडरचा नंबर, म्हणजे एका दिशेच्या रेषा दुसऱ्या दिशेच्या रेषांपेक्षा धूसर दाखवणारा दोष, उरलेला असतो. हे घरीच ओळखता येते. व्ह्यूफाइंडरमध्ये जाळीच्या रेषा दिसण्याची सोय असल्यास ती सुरू करा. चाकाच्या एका जागी उभ्या रेषा स्पष्ट आणि दुसऱ्या जागी आडव्या स्पष्ट, असे होत असेल, तर सिलिंडर आहेच. या दोषाची दिशा, म्हणजे अक्ष, तिरपा असेल तर हा फरक इतका स्वच्छ दिसत नाही, त्यामुळे खात्री डॉक्टरांकडेच करावी. डायऑप्टरचे चाक सिलिंडर घालवू शकत नाही, ते फक्त साध्या अधिक-उणे नंबरचे काम करते. मला एकाने सुचवले की, सिलिंडरचे गोल भिंग कापून आयपीसच्या चौकटीत बसवून घ्यावे. कल्पना चांगली वाटते, पण कॅमेरा उभा धरला की भिंगाचा अक्षही नव्वद अंशांनी फिरतो, डोळ्याचा अक्ष तिथेच राहतो आणि दोष जाण्याऐवजी दुप्पट होतो. मी पैलवानांची उभी छायाचित्रे पुष्कळ काढतो, त्यामुळे तो विचार सोडून दिला. चष्मा डोक्याबरोबर राहतो, कॅमेऱ्याबरोबर फिरत नाही, म्हणून सिलिंडर जास्त असेल तर चष्मा लावूनच पाहावे, आणि मग चाकही चष्मा लावूनच जुळवावे.

चष्म्याने कोपरे का कापले जातात, याचे उत्तर आयपॉइंट या आकड्यात आहे. आयपीसच्या काचेपासून डोळा जास्तीत जास्त किती लांब असला तरी पूर्ण चौकट दिसते, ते तो आकडा सांगतो. डी७२००चा आयपॉइंट १९.५ मिमी आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिमी असते, काचेची जाडी दोनेक मिमी धरली, तर उरतात पाच-साडेपाच, आणि आयपीसभोवतीच्या आयकपचे रबर त्यातलेही काही खाते. पूर्ण चौकट कशी दिसणार? रबर दुमडता येत असेल तर दुमडावे, काढता येत असेल तर काढावे, पण मग उघड्या प्लास्टिकने चष्म्याची काच घासली जाते हे लक्षात ठेवावे. पुढेमागे कॅमेरा घेण्याची वेळ आलीच, तर मेगापिक्सेलच्या आधी हा आकडा पाहा. निकॉन झेड६चा तो २१ मिमी आहे, कॅनन ८०डीचा सुमारे २२. चष्मेवाल्या माणसाला हे दीड-अडीच मिलिमीटर फार मोठे असतात.

मात्र व्ह्यूफाइंडर हा अर्धाच त्रास आहे, खरा खोळंबा कॅमेऱ्याच्या पाठीमागे होतो. विनाचष्मा डोळा आयपीसला लावून फोटो घेतला, तो कसा आला हे पडद्यावर पाहायचे म्हटले, की पडदा ४० सेंटीमीटरवर असतो आणि लांबच्या डोळ्याला त्यासाठी अडीच डायऑप्टरची चाळिशी हवी. चाळिशी चढवावी, तर पुन्हा आयपीसमधून धूसर. खासबाग मैदानात कुस्ती पाहताना मी हा चष्म्याचा चढउतार करत बसलो आणि ऐन डाव पडण्याच्या क्षणी चष्मा नाकावर होता. मिररलेस कॅमेऱ्याचा फायदा असलाच तर तो इथे आहे: काढलेला फोटो, मेनू, फोकस मोठा करून पाहणे, सगळे व्ह्यूफाइंडरच्या आतच दिसते आणि चाळिशी खिशात राहू शकते. प्रकाश कमी असताना चित्र उजळही करता येते. डीएसएलआरवर मी केलेली तडजोड साधी आहे. मैदानात पडदा पाहायचाच नाही; ऑटोफोकस आणि एक्सपोजर व्ह्यूफाइंडरमधल्या आकड्यांवरून सांभाळायचे आणि फोटो घरी पाहायचे. डायऑप्टरच्या चाकाचा ऑटोफोकसशी संबंध नसतो, त्यामुळे आत धूसर दिसत असतानाही फोटो स्पष्ट येऊ शकतो. आपले या दोन महिन्यांतले फोटो संगणकावर मोठे करून पाहा. ते स्पष्ट असतील, तर माझा चाकाविषयीचा अंदाज बरोबर आहे असे समजा.

इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर वापरून पाहिलात, तर एक गोष्ट खटकेल, ती म्हणजे रंग. जुने भिंग पिवळसर झालेले असते, ते गेल्यावर पांढरा रंग निळसर भासतो. आत्ता आपला एकच डोळा झाला आहे, तेव्हा चुन्याच्या भिंतीकडे आळीपाळीने एकेका डोळ्याने पाहा. माझ्यासारख्या रंगात आयुष्य घालवलेल्या माणसाला तो फरक पाहून धक्काच बसला होता. यावरून व्ह्यूफाइंडरचे रंग बदलू नयेत, काही आठवड्यांत मेंदू जुळवून घेतो.

काळजीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिले काही आठवडे ऑपरेशन झालेला डोळा आयकपवर दाबू नये. रबरात घाम आणि धूळ साचते, ते काढून धुवावे. तालमीतली तांबडी माती आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल या दोन्हींपासून मी त्या वर्षी लांब राहिलो, आणि त्याची हळहळ मला अजून आहे. डीएसएलआरच्या आरपार लांब लेन्समधून सूर्याकडे कधीही पाहू नये. कृत्रिम भिंग त्यापासून वाचवत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू पुन्हा धूसर होऊ लागले आणि चाक कुठेही नेले तरी आकडे उमटेनासे झाले, तर कृत्रिम भिंगाला लागून मागे असलेला पातळ पापुद्रा गढूळ झाल्याची शक्यता असते. त्यावर लेसरचा काही मिनिटांचा उपचार आहे. एकाएकी दृष्टी कमी झाली, डोळा लाल होऊन दुखू लागला, किंवा विजा चमकल्यासारखे वा काळे ठिपके दिसू लागले, तर मात्र चाक फिरवत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

आता डाव्या डोळ्याविषयी. महागडा चष्मा आत्ता करू नका, कारण दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिर व्हायला साधारण महिना-दीड महिना जातो आणि तोवर केलेला चष्मा वाया जातो. शस्त्रक्रियेआधी मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा, की आपण कॅमेरा वापरता, उजवा डोळा आयपीसला लावता आणि पाठीमागचा पडदा अमुक अंतरावर धरता. ते अंतर टेपने मोजूनच न्या. माझ्या डॉक्टरांनी हे ऐकून डाव्या डोळ्यासाठी उणे दीडच्या आसपासचे भिंग सुचवले. त्यामुळे उजवा डोळा लांबचे पाहतो आणि डावा दोन फुटांवरचे. पडदा हात थोडा लांब करून विनाचष्मा पाहता येतो, बारीक अक्षरांना मात्र चाळिशी लागतेच. सर्वांना हे सोसत नाही. काहींना रात्री गाडी चालवताना किंवा पायऱ्या उतरताना अंतराचा अंदाज चुकल्यासारखे वाटते, म्हणून भिंग ठरण्याआधी तसा फरक तात्पुरता अनुभवून पाहता येईल का, हे विचारा. एकाच भिंगात लांबचे-जवळचे दोन्ही देणारी मल्टिफोकल भिंगेही आपल्याला सुचवली जातील. त्यांत दिव्यांभोवती वलये दिसण्याचे आणि अंधुक उजेडात छटांमधला फरक कमी जाणवण्याचे प्रमाण जास्त असते. आपण संध्याकाळी किंवा दिव्यांच्या प्रकाशात फोटो काढत असाल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, कारण एकदा बसवलेले भिंग बदलणे चष्मा बदलण्याइतके सोपे नसते.